मणक्यातला पट्टा आणि आपला हक्क

चार पावले चालले की पाय भरून येतात, खाली बसल्यावर बरे वाटते. एमआरआय होतो आणि ‘मणका सरकलाय, नस दबलीय’ एवढेच कानावर पडते. पुढे स्क्रू-रॉड घालून मणके कायमचे जोडायचे, लवचिक पट्ट्याने आवरून धरायचे, की दोन्ही टाळायचे, हे कोण ठरवते? पाठ आपली आहे, बिल आपले आहे; मग माहितीच तेवढी दुसऱ्याची का? म्हणून हे मुद्दे.

१. ऑपरेशन एक दिसते, पण त्यात कामे दोन असतात. नसेवरचा दाब काढणे, म्हणजे डीकॉम्प्रेशन, हे पहिले. मणके स्थिर करणे हे दुसरे. पहिले गरजेचे म्हणून दुसरेही गरजेचेच, असे रुग्ण धरून चालतो. संशोधक मात्र तसे धरत नाहीत. २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात दोन चाचण्या छापून आल्या. स्वीडनमधल्या २४७ रुग्णांच्या चाचणीत फ्युजनची, म्हणजे मणके जोडण्याची, भर घालून जास्तीचा फायदा दिसला नाही. अमेरिकेतल्या ६६ रुग्णांच्या चाचणीत फ्युजनवाल्यांना थोडा लाभ झाला, शिवाय पुन्हा ऑपरेशनची वेळ त्यांच्यातल्या १४ टक्क्यांवर आली, तर नुसत्या डीकॉम्प्रेशनवाल्यांपैकी ३४ टक्क्यांवर. २०२१ मध्ये नॉर्वेतल्या २६७ रुग्णांच्या चाचणीत सरकलेल्या मणक्यालाही नुसते डीकॉम्प्रेशन कमी पडले नाही. तज्ज्ञांमधला हा मतभेद प्रामाणिक आहे. पण तो रुग्णापर्यंत पोहोचतच नसेल, तर संमतीपत्रावरची सही म्हणजे निव्वळ अंगठा.

२. जोडलेले मणके हलत नाहीत. वाकण्याचा भार शेजारच्या मणक्यांवर जातो आणि काही वर्षांनी तिथेही दुखणे सुरू होऊ शकते. आपल्याकडे बाई उकिडवी बसून निंदणी करते, पाण्यात वाकून भात लावते, उसाच्या फडात दिवसभर कोयता चालवते. देवपूजा, जेवण, पोराचा अभ्यास घेणे, सगळे मांडी घालून. खुर्चीवरच्या आयुष्यातून निघालेले निष्कर्ष या कंबरेला जसेच्या तसे लागू पडतील? ऑपरेशननंतर ‘वाकू नका’ सांगणे सोपे आहे; तिची रोजी कोण देणार, हा प्रश्न मणक्याच्याच उपचाराचा भाग आहे.

३. मणके जोडण्याच्या याच अडचणीतून पट्ट्याची कल्पना आली, आणि ती मुळीच नवी नाही. फ्रान्सचे सर्जन आंरी ग्राफ यांनी मणक्यातल्या स्क्रूंभोवती पॉलिएस्टरचा विणलेला पट्टा ओवला. त्याने हालचाल आवरली, पण कंबर मागच्या बाजूने ओढली जाऊन नसेची वाट अरुंद होण्याचा धोका आला. १९९४ पासून वापरात आलेल्या ‘डायनेसिस’मध्ये ताणलेल्या दोरीभोवती प्लास्टिकची नळी आली, ती मणके एकमेकांवर दाबू देत नाही. दोन्हींचा आधार मात्र स्क्रूच. सांधा हलता राहिला की स्क्रूवरचा ताण कधी संपतच नाही, आणि ते सैल पडू शकतात. अलीकडच्या पट्ट्यांनी स्क्रू सोडला. पाठीवरून हात फिरवला की लागतात त्या मणक्यांच्या काट्यांभोवती ते गुंफले जातात आणि फक्त पुढे वाकणे मर्यादित करतात. हाडात भोक नाही, स्नायूंची कापाकापी कमी. कल्पना म्हणून मला ती पटते. पण पटणे हा पुरावा नव्हे.

४. पुरावा मागितला की काय होते, ते अमेरिकेत दिसले. २००९ मध्ये औषधे आणि उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या एफडीएने स्क्रूवर आधारलेल्या अशा लवचिक साधनांच्या उत्पादकांना, विक्रीनंतर रुग्णांचे काय होते याचा अभ्यास करण्याचे आदेश दिले. त्याच वर्षी फ्युजनशिवाय डायनेसिस वापरण्याचा प्रस्ताव मंजूर करू नये, अशी शिफारस एफडीएच्या सल्लागार मंडळाने केली. स्क्रू नसलेल्या नव्या पट्ट्याची चाचणी झाली ती फ्युजनशी तुलना करत. इथेच मेख आहे. डीकॉम्प्रेशन अनेकांना पुरते असे दिसत असताना, पट्ट्याची कुस्ती फ्युजनशी लावायची आणि खरा तगडा गडी आखाड्याबाहेर बसवायचा? फ्युजनपेक्षा बरा ठरलेला पट्टा काहीच न बसवण्यापेक्षा बरा आहे, हे त्याने सिद्ध होत नाही.

५. हे सगळे परदेशातले, असे म्हणून सुटका नाही. एएसआर नावाचा खुब्याचा कृत्रिम सांधा कंपनीने २०१० मध्ये जगभरातून परत घेतला. त्यावर आपल्या केंद्र सरकारची तज्ज्ञ समिती नेमली गेली ती थेट २०१७ मध्ये. किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस झाली, पण आधी रुग्ण शोधायचे कुठे, हाच पेच होता, कारण कोणाच्या शरीरात काय आहे याची पूर्ण नोंद कुठेच नव्हती. उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून आहे. पण नोंद तक्रार झाली तरच होते, आणि दुखणाऱ्या रुग्णाला ‘वयामुळे होतंय’ सांगून परत पाठवले तर तक्रार करणार कोण? स्वीडनमध्ये मणक्याच्या ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंदवही कित्येक वर्षे चालू आहे. आपल्याकडे शेतजमिनीच्या तुकड्याला सातबारा आहे, माणसाच्या मणक्यातल्या टायटॅनियमला नाही.

६. म्हणून मागणी पट्टा आणा किंवा रोखा अशी नाही. मणक्यात जे काही बसेल त्याचे नाव, कंपनी आणि बॅच क्रमांक रुग्णाच्या हातातल्या कार्डावर मराठीत हवा. नुसते डीकॉम्प्रेशन, फ्युजन आणि पट्टा यांचे फायदे-तोटे सहीच्या आदल्या दिवशी तरी लेखी मिळावेत. गुडघ्याच्या सांध्याची किंमत २०१७ मध्ये बांधली गेली, तसा मणक्यातल्या साहित्याच्या दराचा हिशेब सरकारने जाहीर करावा. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होणाऱ्या मणक्याच्या प्रत्येक ऑपरेशनचा एक, दोन आणि पाच वर्षांनी पाठपुरावा व्हावा. पैसा सार्वजनिक आहे, रुग्णालयांशी करार सरकारचा आहे. अट घालायला नवा कायदा लागत नाही. आपापल्या आमदाराला हे लेखी विचारा, आणि उत्तरही लेखीच मागा.