पॅरिसचे घरभाडे आणि मराठी वाङ्मय

मराठी वाचकाच्या मनातले पॅरिस बहुतांशी प्रवासवर्णनांनी घडवले आहे. आयफेल टॉवर, लूव्रमधील मोनालिसा, सीन नदीचे काठ. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'पासून (१९६०) आजच्या सहलवृत्तांतांपर्यंत प्रवासी येतो, पाहतो, रमतो आणि परततो. त्याला त्या शहरात घरभाडे भरावे लागत नाही. ज्याला ते भरावे लागते, आणि तेही महिन्याच्या पगाराविना, त्या माणसाचे पॅरिस मराठीत फारसे उमटलेले नाही. ही उणीव मला आपल्या वाङ्मयीन दृष्टीची वाटते.

अशी माणसे झालीच नाहीत असे नव्हे. मडगावचे चित्रकार लक्ष्मण पै मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून १९५१ मध्ये पॅरिसला गेले आणि सुमारे दहा वर्षे तेथे राहिले. आमच्या विदर्भातील नागपूरच्या कलाशाळेत आणि पुढे जे. जे.मध्ये शिकलेले सय्यद हैदर रझा १९५० मध्ये शिष्यवृत्तीवर तेथे गेले. १९५३ मध्ये त्यांचे शिक्षण संपले, १९५६ मध्ये त्यांना तेथील समीक्षकांचा प्रतिष्ठेचा पुरस्कार मिळाला आणि २०१० पर्यंत ते फ्रान्समध्येच राहिले. रझांचा बिंदू आणि पैंची रेषा यांवर आपण भरभरून बोलतो. मात्र शिक्षण आणि पुरस्कार यांच्यामधल्या तीन वर्षांत रंगांचे पैसे कोठून येत, चित्र न विकलेल्या हिवाळ्यात माणूस दिवस कसे काढतो, हे प्रश्न आपण चरित्राच्या समासात ढकलतो.

आज त्या चित्रकारांच्या जागी अनुवादक, योगशिक्षिका किंवा संगणक-व्यावसायिक असू शकतो. छोट्या स्वतंत्र व्यावसायिकांसाठी फ्रान्समध्ये २००९ पासून एक सुटसुटीत व्यवस्था आहे. नोंदणी झाली की १४ आकडी क्रमांक मिळतो. दरमहा किंवा दर तिमाहीला आलेली रक्कम कळवायची आणि तिच्या ठरावीक टक्क्यांनी सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरायची. वर्गणी जमेवर असते, नफ्यावर नसते. त्यामुळे झालेला खर्च वजा होत नाही. काहीच मिळाले नसेल, तरी शून्य लिहून कळवावेच लागते. घर शोधताना मालक सहसा तीन महिन्यांच्या पगारपावत्या, भाड्याच्या तिप्पट मिळकत आणि जामीनदार मागतो. जो स्वतःच स्वतःचा मालक, त्याने पगारपावती कोणाकडून आणावी? शिवाय व्यवसायासाठी मिळालेल्या निवासपत्राचे नूतनीकरण करताना त्या व्यवसायातून किमान वेतनाइतकी तरी मिळकत होते, हे परदेशी माणसाला दाखवावे लागते. म्हणजे मंदी आली की धंद्याबरोबर तेथे राहण्याचा हक्कही डळमळतो.

हे सारे वाशिमच्या वाचकाला परके वाटू नये. सोयाबीनचा भाव आपल्या हाती नाही, पाऊस हाती नाही. पीककर्जाच्या परतफेडीची तारीख मात्र ठरलेली. मिळकत अनिश्चित आणि देणे निश्चित, हे जगण्याचे सूत्र आमच्याकडे घरोघरी ठाऊक आहे. ग्रामीण साहित्याने त्या सूत्राला भाषा दिली. सावकार, सातबारा, बियाण्याची उधारी हे रूक्ष तपशील त्याने कथेच्या मध्यभागी आणले आणि त्यांतूनच माणसाचा ताठा, लाज, चिवटपणा प्रकट केला. हीच नजर परदेशस्थ मराठी माणसाकडे वळवायला कोणती अडचण आहे?

स्थलांतरितांचे मराठी लेखन मुख्यतः अमेरिकेभोवती आणि नोकरदार कुटुंबांभोवती फिरले. गावाची आठवण, मुलांची सुटत चाललेली भाषा, मागे राहिलेले आईवडील हे त्याचे विषय. त्यांचे मोल कमी नाही. परंतु आठवणीला हप्ता नसतो, भाड्याला असतो. परदेशीपणाची खरी धार गणपतीच्या दिवशी जेवढी लागते, त्याहून अधिक ती तिमाहीच्या रकान्यात शून्य भरताना लागत असावी. त्या क्षणाचे मराठी गद्य आपल्याला हवे आहे.

असे लोक मूठभरच, त्यांच्यासाठी एवढा आग्रह कशाला, असे कोणी म्हणेल. पण वाङ्मय म्हणजे खानेसुमारी नव्हे. एका माणसाच्या जमाखर्चातून एका व्यवस्थेचा स्वभाव कळत असेल, तर तेवढा एक माणूस पुरेसा आहे. आपल्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी प्रबंधिकेसाठी तेच ते विषय घोटण्याऐवजी परदेशस्थांची पत्रे, रोजनिश्या आणि हिशेबवह्या मागवून वाचाव्यात.

राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त रुसून निघालेला काव्यपुरुष देशोदेशी फिरतो आणि साहित्यविद्या त्याच्या मागोमाग जाते. अखेर दोघांचा विवाह होतो तो वत्सगुल्मात, म्हणजे आमच्या वाशिममध्ये. या कथेचा अभिमान आम्ही जरूर बाळगावा. पण आधी साहित्यविद्या घर सोडून त्याच्या वाटेने चालत गेली होती, हेही विसरू नये.