गिटारीवरचे गाऱ्हाणे

जुन्या घरांतून रॉक संगीताचा विषय निघाला की 'गोंगाट' या एका शब्दात त्याची वासलात लागते. सगळेच रॉक आम्हांस रुचते असे नव्हे. तथापि २००९ च्या अखेरीस आलेल्या 'थ्री इडियट्स' या चित्रपटातील 'गिव्ह मी सम सनशाईन' हे गीत त्या शब्दात बसत नाही. अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी वसतिगृहात गिटार घेऊन ते म्हणतो, आणि पुढे तो जगत नाही. चाल शांतनु मोईत्रांची, गळा सूरज जगन व शर्मन जोशी यांचा. शब्द मात्र आपल्यांपैकीच एका घरातून आलेले. स्वानंद किरकिरे इंदूरचे. आई-वडील दोघेही कुमार गंधर्वांच्या परंपरेत गाणारे.

हैदराबादेत या गाण्यातली वसतिगृहे दूर शोधावी लागत नाहीत. सुलतान बाजार, काचीगुडा सोडून आपली काही कुटुंबे कुकटपल्ली-मियापूरकडे गेली. त्याच बाजूला निजामपेठ, बाचुपल्ली येथे इंटरमीजिएटची निवासी महाविद्यालये उभी आहेत. मुले पंधरा-सोळा वर्षांची, आणि दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत पाठांतराचा. एप्रिल २०१९ मध्ये तेलंगणात इंटरचे निकाल लागले. नऊ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांपैकी तीन लाखांवर नापास. पुढच्या थोड्या दिवसांत वीसहून अधिक मुलांनी आत्महत्या केल्याचे प्रसिद्ध झाले. मग फेरतपासणी झाली, तेव्हा हजारावर नापास मुले उत्तीर्ण ठरली!

दहावी जवळ आली की पहिली गदा गाण्यावर येते. 'दोन वर्षे पेटी बंद, मग पाहू,' असे पालक अगदी आदराने सांगतात. ती पेटी पुन्हा उघडलेली आम्ही फारशी पाहिली नाही. अर्धा तास गायिल्याने परीक्षेचा ताण जातो, असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्या अर्ध्या तासात मुलगा गुण सोडून दुसऱ्या कशाविषयी तरी कोणाशी बोलतो. शिवाय षड्ज लावताना ज्याचा श्वास तुटतो, त्याला झोप नीट लागते का हे शिकविणाऱ्याच्या सहज लक्षात येते.

प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी वसतिगृहाच्या खोल्या स्वतः पाहाव्यात. रविवारी मुलास घरी सोडतात की नाही, हे स्पष्ट विचारावे. आणि पेटी माळ्यावर टाकू नये. मुलाने तिच्याऐवजी गिटार मागितली, तर तीही द्यावी. सुरात लावून द्यावयास आम्ही आहोत.