कढीगोळे, पण पोटाला झेपणारे
यवतमाळकडे मऊ, दाटसर, पोटभर काही हवं असलं की साय-चीज कशाला, कढीगोळे आहेत. पण दूध ज्यांना सोसत नाही, डाळीने ज्यांचं पोट डब्ब होतं, त्यांनी? दुधातली लॅक्टोज साखर विरजणातले जिवाणू काही अंशी खाऊन टाकतात, म्हणून ताक पुष्कळांना चालतं. चणाडाळीऐवजी मूगडाळ भिजवून, वाटून गोळे वाफवून घ्या. दाटपणाला बेसनाऐवजी ज्वारीचं पीठ ताकात घुसळा, मंद आचेवर ढवळत राहा, नाहीतर कढी फाटेल. मग गोळे सोडा. लसूण बाधत असेल तर फोडणीत हिंग वाढवा. गव्हाचं वावडं असलेल्यांनी मात्र हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचावीत. बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ असतं.