खोकल्याचं काहीतरी द्या

यंदाच्या अंकात टीबीवर विभाग करायचा असं ठरलं, तेव्हा आमच्या मंडळातल्या एका ज्येष्ठांनी हात जोडले. "अहो, सणासुदीला हे कशाला?" त्यांचं म्हणणं अगदीच गैर नव्हतं. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचक या अंकात कथा, कविता, व्यंगचित्रं आणि राशिभविष्य शोधत आला आहे. ते सगळं यंदाही आहे. पण आमचा अंक उज्जैनहून निघतो, आणि उज्जैनच्या मराठी माणसाला टीबीशी आपला काय संबंध, असं म्हणायची सोय नाही. देवास गेटजवळच्या माधव कॉलेजात शिकलेला, आपल्यातला सर्वांत मोठा लेखक याच आजारानं गेला.

गजानन माधव मुक्तिबोध. जन्म श्योपूरचा, १९१७ सालचा. वडील पोलीस खात्यात, त्यामुळे बिऱ्हाड सतत हलतं. शिक्षण पुष्कळसं उज्जैनला. घरात मराठी, लिहिणं हिंदीत. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहिते झाले आणि त्यांनी कादंबरीला उज्जैनच्या नदीचं नाव दिलं, 'क्षिप्रा'. माधव कॉलेजात पुढे शिकवायला आलेले प्रभाकर माचवे आणि मुक्तिबोध, ही दोन मराठी घरांतली माणसं १९४३ च्या 'तार सप्तक' या हिंदी काव्यसंकलनात एकत्र आहेत. एवढं आपण अभिमानानं सांगतो. शेवट मात्र घाईनं उरकतो. फेब्रुवारी १९६४ मध्ये राजनांदगावला त्यांना पक्षाघाताचा झटका आला. भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात नेलं, तिथून दिल्लीला एम्समध्ये. आजार होता मेंदूच्या आवरणाचा टीबी. ११ सप्टेंबरला ते गेले, वय सत्तेचाळीसही पुरं नव्हतं. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला कवितासंग्रह, तो छापून आलेला पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

१९६४ साली टीबीवर औषध नव्हतं असं मुळीच नाही. स्ट्रेप्टोमायसिन येऊन वीस वर्षं झाली होती, आयसोनियाझिड १९५२ पासून वापरात होतं. मद्रासच्या क्षयरोग-उपचार केंद्रानं तर १९५९ मध्येच दाखवून दिलं होतं की सॅनेटोरियमची हवा न खाता, घरी राहून, औषधं नीट घेऊनही रोगी तितकाच बरा होतो. पण फुप्फुसाबाहेरचा टीबी सहजी ओळखू येत नाही. मेंदूत असेल तर डोकेदुखी, बारीक ताप, चिडचिड इथूनच सुरुवात, आणि ओळख पटायला जितका उशीर तितकी औषधाची मात्रा कमी चालते.

या उशिराबद्दल, आणि उशिराबरोबर येणाऱ्या चुकीच्या औषधांबद्दल आम्हाला बोलायचं आहे. औषधांना दाद न देणारा टीबी, ज्याला दवाखान्यात सगळे 'एमडीआर' म्हणतात, तो काही आकाशातून पडलेला नाही. तो माणसांनी तयार केलेला आहे, आणि तयार कसा होतो हे विज्ञानाला पंच्याहत्तर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे.

१९४८ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध केली. रोगी एकूण १०७. ५५ जणांना औषध आणि अंथरुणातली विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांनी औषधाच्या गटात ४ दगावले होते, दुसऱ्यात १४. केवढा आनंद झाला असेल! पण पाच वर्षांनी मोजलं तर पहिल्या गटातले ३२ आणि दुसऱ्यातले ३५ गेलेले. एकट्या औषधानं कमावलेलं जवळजवळ सगळं हातचं गेलं होतं. कारण साधं आहे. फुप्फुसात पोकळी पडलेल्या रोग्याच्या छातीत कोट्यवधी जंतू असतात. त्यांतले मोजके, कुठल्या एका औषधाला न जुमानणारे, आधीपासूनच असतात. एकच औषध दिलं की बाकीचे मरतात आणि हे मोजके मोकळ्या रानात वाढतात. दोन-तीन औषधं एकदम दिली तर सगळ्यांना एकाच वेळी चकवणारा जंतू सापडणं जवळपास अशक्य. म्हणून चार गोळ्या, म्हणून सहा महिने, म्हणून मध्येच सोडायचं नाही. आणि म्हणूनच गुण येत नाही असं दिसलं की जुन्यात एखादं नवं औषध 'लावून बघायचं' नाही.

आता मुंबईला या. २०११ च्या डिसेंबरात हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं. चार रोगी, तपासलेल्या एकाही औषधाला त्यांचे जंतू दाद देत नव्हते. जगभर खळबळ उडाली. सरकारनं त्या आजाराला वापरलेल्या 'टोटली ड्रग-रेझिस्टंट' या नावावरच हरकत घेतली. नावाच्या वादात पत्रातलं एक वाक्य मागे पडलं, आणि आमच्या मते तेच खरं महत्त्वाचं. चौघांपैकी तिघांना दुसऱ्या फळीची औषधं एकेक करून, बऱ्याचदा चुकीच्या मात्रेत दिली गेली होती. दीड वर्षात सरासरी चार खासगी डॉक्टर झाले होते. एकेक करून! म्हणजे १९४८ चा धडा २०११ मध्येही कुणी वाचला नव्हता. त्याच उदवाडियांनी २०१० मध्ये धारावी परिसरातल्या १०६ खासगी डॉक्टरांना टीबीचं प्रिस्क्रिप्शन लिहायला सांगितलं, तर ६३ तऱ्हांची प्रिस्क्रिप्शनं आली आणि बरोबर फक्त सहा जणांचं. त्याच्या वीस वर्षं आधी मुकुंद उपळेकरांनी असाच अभ्यास केला होता, तेव्हा शंभर डॉक्टरांनी ऐंशी तऱ्हा लिहिल्या होत्या. सुधारणा झाली नाही असं कसं म्हणावं?

मुंबईला नावं ठेवून उज्जैनकरांनी सुटका करून घेऊ नये. देवास गेटला संध्याकाळी सहाच्या सुमारास उभं राहून बघावं. एकीकडे बसस्टँड, पलीकडे रेल्वे स्टेशन, मध्ये लॉज, पोहे-जिलेबी, रिक्षांची ओरड आणि मेडिकलची दुकानं. बसमधून उतरलेला माणूस काउंटरवर कोपर टेकतो. "भैया, खाँसी का कुछ दे दो, पंद्रह दिन हो गए।" पलीकडचा मुलगा न बघताच मागच्या खणातून पाकीट काढतो, कात्रीनं पत्त्यातल्या चार गोळ्या कापतो, एक सिरपची बाटली ठेवतो. सुबह-शाम. पत्त्याच्या ज्या टोकाला औषधाचं नाव आणि तारीख छापलेली असते, ते टोक दुकानातच राहतं. त्या माणसाला आपण काय खाल्लं हे पुढे कुठल्याही डॉक्टरला सांगता येणार नाही.

या चार गोळ्या बऱ्याचदा ज्या गटातल्या असतात, तो म्हणजे लिव्होफ्लॉक्सासिनचा. साध्या छातीच्या संसर्गाला चालणारं हे औषध टीबीच्या जंतूलाही थोडं मारतं. चार दिवस बरं वाटतं. ताप उतरतो, थुंकीत जंतू दिसेनासे होतात, खरं निदान लांबतं. आणि ज्या औषधावर एमडीआरच्या उपचाराची भिस्त ठेवायची, तेच आधी वाया गेलेलं असतं. देशातल्या औषध-प्रतिकाराच्या पहिल्या राष्ट्रीय पाहणीत (२०१४ ते १६) टीबीच्या सगळ्या रोग्यांपैकी ६.१९ टक्के एमडीआर निघाले. नव्या रोग्यांत प्रमाण २.८४, आधी उपचार झालेल्यांत ११.६ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवले की जास्त काही बोलायला लागत नाही.

दुकानातल्या मुलावर राग काढून उपयोग नाही. त्याच्याकडे जाणारा माणूस सरकारी दवाखान्याची रांग टाळत असतो, मजुरीचा दिवस वाचवत असतो. मध्यमवर्गीय मराठी घरांत कारण वेगळं. मुलीचं लग्न ठरायचंय, तोवर 'जरा छातीला कफ आहे' इतकंच. अशा घरांत छातीचा फोटोही दुसऱ्या गावी जाऊन काढतात.

संशोधनानं आपलं काम पुष्कळ केलं आहे. एके काळी जंतू कोणत्या औषधाला दाद देतो हे कळायला तो काचेच्या बाटलीत वाढवावा लागे. सहा ते आठ आठवडे. तोवर डॉक्टर अंदाजानं औषध देत आणि अंदाज चुकला तर रोगी घरादाराला तोच प्रतिकारक जंतू वाटत फिरे. २०१० च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेनं जीनएक्सपर्टला मान्यता दिली. थुंकीचा नमुना डबीत घालून मशीनमध्ये ठेवला की जंतू आहे का आणि तो रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतो का, या दोन्हीचं उत्तर दोन तासांत. आपल्या जवळचं उदाहरण द्यायचं तर गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट. बॅटरीवर चालणारं, एसी खोली न मागणारं, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर बसणारं यंत्र. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तेही स्वीकारलं. याउलट, टीबीसाठी म्हणून सर्रास केली जाणारी रक्ताची तपासणी निरुपयोगी ठरली आणि २०१२ मध्ये देशात तिच्यावर बंदी आली. तोवर तिच्यावर लोकांचे किती पैसे गेले, त्याचा हिशेब कोण ठेवतो!

उज्जैनचंही नाव या कामात आहे, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. आगर रोडवरच्या आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. मंजू पुरोहित यांनी नॉर्वेच्या बर्गनमधल्या संशोधकांबरोबर पोटाच्या आणि गाठींच्या टीबीवर काम केलं. गाठीचा तुकडा काढला तरी त्यात जंतू क्वचितच दिसतात. पण जंतू एमपीटी-६४ नावाचं एक प्रथिन सोडतो. ते रंगवून दाखवता आलं तर निदान पक्कं होतं, असं २००७ च्या त्यांच्या निबंधात आहे. फुप्फुसाबाहेर लपणाऱ्या टीबीवरचं हे काम मुक्तिबोधांच्याच गावी व्हावं, याचं आम्हाला अप्रूप वाटतं. त्याच महाविद्यालयातले लोक स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेबरोबर गावोगावच्या बिनपदवीच्या डॉक्टरांची अँटिबायोटिक देण्याची पद्धत तपासत आले आहेत. क्षिप्रेच्या पाण्यात अँटिबायोटिकचे अंश आणि प्रतिकारक जंतू किती, हेही त्यांनी वर्षानुवर्षं मोजलं. म्हणजे आम्ही वर काउंटरचं जे सांगितलं, त्याची शास्त्रशुद्ध बाजू याच शहरात तयार होते आहे.

उपचारही पार बदलला. एमडीआर म्हणजे दीड-दोन वर्षांचा कोर्स आणि त्यात महिनोन्महिने रोजचं इंजेक्शन, अशी जुनी रीत. त्या कॅनामायसिनसारख्या इंजेक्शनांनी कान जात. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन यांची श्रवणशक्ती पोटाच्या टीबीवरच्या अशाच उपचारात २०१३ साली गेली. पुढे त्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले, दोघीही बरं होता होता कान गमावलेल्या, बेडाक्विलिन या नव्या औषधावरच्या वाढीव पेटंटला आव्हान द्यायला उभ्या राहिल्या. मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला आणि स्वस्त पर्यायांची वाट मोकळी झाली. रोग्यानं नुसतं बरं होऊन गप्प बसायचं नसतं, हे या दोघींनी दाखवलं.

बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन अशा चार औषधांचा, इंजेक्शन नसलेला, सहा महिन्यांचा कोर्स केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला. ज्या चाचणीवर तो उभा आहे, तिच्यात ८९ टक्के रोग्यांचा निकाल चांगला लागला. जुन्या उपचारात ५२ टक्के. आनंदच आहे. पण या चौकडीतलं शेवटचं नाव वाचा. मॉक्सिफ्लॉक्सासिन हे देवास गेटच्या काउंटरवर कापून मिळणाऱ्या गोळीचंच भावंड. आणि बेडाक्विलिनला दाद न देणारे जंतूही आता सापडू लागले आहेत. ते ओळखणारी तपासणी दोन तासांच्या मशीनमध्ये नाही. त्यासाठी अजून जंतू वाढवावा लागतो किंवा त्याचा जनुकक्रम वाचावा लागतो. नवं औषध जिल्ह्यात पोहोचलं आणि ही तपासणी मोठ्या शहरातच अडकली, तर दहा वर्षांनी आणखी एक हिंदुजाचं पत्र छापून येईल. औषधाची बातमी पहिल्या पानावर येते, प्रयोगशाळेची येत नाही. आमची तक्रार आहे ती ही.

या विभागात एका क्षयरोगतज्ज्ञांचा लेख, एमडीआरमधून उठलेल्या एका शिक्षिकेची नाव न छापता दिलेली हकिकत आणि औषधं घरपोच देणाऱ्या आशा ताईंशी केलेल्या गप्पा आहेत. पोषणावरचं टिपणही आहे: झारखंडमधल्या प्रयोगात रोग्याच्या घरी शिधा दिल्यावर घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं, त्याची ही गोष्ट. खोकल्याच्या सिरपची एक पानभर रंगीत जाहिरात आली होती, ती आम्ही साभार परत केली. आमच्या खजिनदारांचा राग अजून गेलेला नाही.

दिवाळीत माणसं गावी जातात आणि नेमक्या त्याच आठवड्यात टीबीच्या गोळ्या चुकतात. आपल्या घरी, कामावर, शेजारी कुणाचा कोर्स चालू असेल तर निघण्याआधी पुरेसे पत्ते केंद्रातून मागून घ्यायला सांगा. परगावीही सरकारी केंद्रात औषध मिळतं, आणि अडलंच तर १८००-११-६६६६ हा सरकारच्या टीबी कार्यक्रमाचा, 'निक्षय'चा, फुकट फोन आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर मेडिकलवर न जाता थुंकी तपासायला द्या, आणि रिपोर्टमध्ये रिफाम्पिसिनपुढे काय लिहिलंय ते विचारा.