आडवी बाटली आणि बुडालेला रोज

गल्लीतला एक पोरगा जाडजूड फाइल घेऊन आला. "काकू, परमिट रूम काढतोय. अर्ज तेवढा नजरेखालून घाला." त्याच्या वडिलांचे माग मंदीत भंगारात गेले, हे मला ठाऊक. पोटापाण्याचं काहीतरी बघणाऱ्या पोरावर कसं चिडायचं?

वाईन शॉप आणि देशी दारूच्या दुकानांचे नवे परवाने राज्यात पन्नासेक वर्षं बंद आहेत. म्हणून नवा माणूस एफएल-३ कडे, म्हणजे परमिट रूमकडे वळतो. कायदा १९४९ चा, तोही दारूबंदीचा. चौकशी राज्य उत्पादन शुल्क विभागाची, सही जिल्हाधिकाऱ्यांची.

फाइलीत जागेचा नकाशा होता. शाळा किती मीटरवर, देऊळ किती मीटरवर, सगळं लाल शाईनं लिहिलेलं. त्या जागेसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बायका मागासाठी सुताच्या कांड्या भरतात. पाळी सुटली की अंधारात त्याच बोळातून घरी जातात. नकाशात ती शेड नाही. देवळापासूनचं अंतर टेप लावून मोजायचं आणि या बायकांना विचारायचंसुद्धा नाही, याचा मला संताप येतो.

विचारतात, पण दुकान थाटल्यावर. २००८ च्या आदेशाप्रमाणे प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या दिल्या, की गुप्त मतदान होतं: उभी बाटली, म्हणजे दुकान चालू, की आडवी, म्हणजे बंद. पण आडवी बाटली जिंकायला नुसत्या पडलेल्या मतांत बहुमत पुरत नाही. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी येऊन आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. म्हणजे जी आली नाही, ती उभ्या बाटलीच्या पदरात. यादीत लग्न होऊन सासरी गेलेल्या पोरी असतात, वारलेल्या म्हाताऱ्या असतात. त्या सगळ्या दुकान राखतात!

आणि कांडीवाली? तिला कामाच्या मोजमापावर पैसे. दुपारी रांगेत उभी राहिली तर तेवढ्या कांड्या गेल्या, मुकादमाची बोलणी वेगळी. नवरा पगाराच्या रात्री कुठे अडकतो हे तिच्याइतकं कुणाला माहीत आहे? तरी तिचंच मत पडत नाही.

पोराला अर्जातल्या चुका दाखवल्या आणि आधी समोरच्या शेडमध्ये जाऊन यायला सांगितलं. सरकारकडे माझं मागणं सरळ आहे. परवान्याआधी त्या रस्त्यावरच्या बायकांचं म्हणणं लेखी घ्या. मतदान लावलं तर त्या दिवशी प्रभागातल्या कारखान्यांना भरपगारी सुट्टी द्या, आणि निकाल पडलेल्या मतांवर लावा.