गाडी निघाली गुरुग्रामला!

आमच्या घरात रात्री पावणेतीनला दिवा लागतो तो दोनच कारणांनी. एकतर आईची अ‍ॅसिडिटी, नाहीतर बाबांचा मोबाइल. त्या रात्री मोबाइल वाजला. फास्टॅगचा मेसेज. बाबांनी चष्मा लावला, डायरी उघडली, काहीतरी लिहिलं आणि मला हलवून उठवलं.

"करजण. दोन चाळीस. अगं, आपली गाडी ट्रेलरवर नाहीये!"

थांबा, सुरुवातीपासून सांगते.

ताईला गुरुग्रामला नवी नोकरी लागली. ऑफर लेटर आलं, पार्टी झाली, पंधरा दिवसांत ती विमानात बसली. मागे राहिली तिची गाडी. 2019 ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच बारा, पुढच्या काचेवर 'मोरया'चा स्टिकर. ताईनं स्वतःच्या पगारातून घेतलेली पहिली मोठी वस्तू. दोन महिने तिथल्या कॅबवाल्यांशी भांडून ती थकली आणि एका रविवारी फोनवर म्हणाली, "छोटी, गाडी पाठवून दे ना."

पाठवून दे! जसं काही चकलीचा डबा पाठवायचाय.

बाईक असती तर प्रश्न नव्हता. पुणे स्टेशनच्या पार्सल ऑफिसात न्यायची, टाकी रिकामी करायची, गोणपाटात गुंडाळायची, आरसीची झेरॉक्स द्यायची, झालं. गाडीचं तसं नाही. रेल्वेनं गाड्या जातात, पण त्या कंपन्यांच्या, नव्याकोऱ्या, अख्ख्या मालगाडीभर. कोकण रेल्वेनं 2025 च्या गणपतीला कोलाड ते वेर्णा अशी गाड्यांसाठी रो-रो सुरू केली होती, गाडी वॅगनवर आणि आपण डब्यात. पण गुरुग्राम काही वेर्ण्याच्या वाटेवर नाही.

राहिला रस्ता. पुणे ते गुरुग्राम साधारण चौदाशे किलोमीटर. बाबा लगेच म्हणाले, "मी नेतो. पहिला मुक्काम उदयपूर, दुसऱ्या दिवशी रात्री जेवायला ताईकडे." आमचे बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. एकतीस वर्षं त्यांनी स्टँडवर बसून दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या, रजिस्टरात येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या. एवढा लांबचा प्रवास स्वतः चालवत करायची ही त्यांची पहिली आणि बहुधा शेवटची संधी होती. आई काहीच बोलली नाही. तिनं फक्त त्यांच्या गोळ्यांचा डबा टेबलावर आणून ठेवला. अँजिओप्लास्टीला तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. बाबांनी डबा बघितला, पेपर उघडला, विषय संपला.

मग मी तीन कोटेशन्स मागवली. साडेचौदा हजार, एकोणीस हजार आणि सत्तावीस हजार. स्वस्तातलं घेतलं तर फसणार आणि महागातलं घेतलं तर ताई ओरडणार, म्हणून मी मधलं घेतलं आणि स्वतःला फार शहाणी समजले. निम्मे पैसे आधी, निम्मे डिलिव्हरीला. 'गाडी कव्हर्ड ट्रेलरवर जाईल, मॅडम. सात ते आठ दिवस.' वर इन्शुरन्सचे वेगळे पैसे.

या इन्शुरन्सची एक गंमत आहे, ती मला नंतर कळली. गाडीची नेहमीची कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी असेल ना, तर रस्त्यानं किंवा रेल्वेनं वाहून नेताना होणारं नुकसान तिच्यातच कव्हर असतं. पॉलिसीत तसं छापलेलं असतं, फक्त आपण ती कधी वाचत नाही. ट्रान्सपोर्टवाल्याच्या इन्शुरन्सची पॉलिसी कॉपी मागितली, तर मला पावतीवरची एक ओळ दाखवण्यात आली. ती ओळ पंधराशे रुपयांना पडली.

गुरुवारी दुपारी चार वाजता एक मुलगा कोथरूडला आला. मी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढले, डावीकडच्या जुन्या ओरखड्याचा क्लोजअप काढला, डिकीचा काढला, स्टेपनीचासुद्धा काढला. मास कम्युनिकेशनची डिग्री आहे माझी, फोटो काढायला शिकवलंय आम्हाला! फक्त एक फोटो राहिला. किलोमीटरच्या आकड्याचा.

फास्टॅग बाबांच्या नंबरला जोडलेला होता. म्हणजे बघा, गाडी निघाली आणि बाबा घरी बसून तिच्याबरोबर निघाले. सहा दहा, खालापूर. ठीक आहे, यार्डापर्यंत चालवत न्यावीच लागते. रात्री दहा वीस, चारोटी. बाबांच्या भुवया वर. आणि मग करजण.

सकाळी मी फोन लावला. "मॅडम, टॅग काचेवरच आहे ना? ट्रेलरवर असली तरी स्कॅनर वाचतो. नॉर्मल आहे." आता यात खोटं काही नव्हतं. ट्रेलरवर चढवलेल्या गाडीचा टॅग असा वाचला जातो, म्हणूनच तो काढून ठेवा किंवा झाकून ठेवा असं सांगतात. मला पटलं. बाबांना नाही.

"चारोटी ते करजण सव्वाचार तासांत. साठच्या वर अ‍ॅव्हरेज पडलं. गाड्या लादलेला ट्रेलर, चहाला न थांबता? मला शिकवतोय का तो?"

शुक्रवारी संध्याकाळी किशनगढ. मग मनोहरपूर. शनिवारी पहाटे शहाजहानपूर, म्हणजे हरियाणाच्या वेशीवर. डायरीत सगळ्या नोंदी, वेळेसकट. खरं सांगू? इतक्या महिन्यांत बाबांना इतकं खूश बघितलं नव्हतं. मी मात्र गार पडले होते. कारण तोपर्यंत एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली होती. गाडी ट्रेलरवर असते तेव्हा ती माल असते. रस्त्यावर चालते तेव्हा ती ताईची गाडी असते. त्या अनोळखी ड्रायव्हरनं रात्री तीन वाजता कुणाला उडवलं, तर नंबर ताईचा, आरसीवर नाव ताईचं, नोटीस ताईला. आणि त्या ड्रायव्हरचं नाव आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मी ज्याच्याशी फोनवर बोलत होते त्यालाही नव्हतं! तो बुकिंग घेणारा. गाडी उचलणारा मुलगा दुसऱ्याचा, पुढे नेणारा तिसऱ्याचा.

माझ्याकडे कागद म्हणून होती एक पावती. तिच्यावर ना ट्रेलरचा नंबर, ना 'ट्रेलरवर नेणार' हे शब्द, ना गाडीची किंमत. किंमत का महत्त्वाची? तर 2007 चा कॅरेज बाय रोड कायदा. माल बुक करताना आपण त्याची किंमत लिहून दिली नाही, तर नुकसान झाल्यावर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच. म्हणजे एकोणीस हजारांचे फार तर एक लाख नव्वद हजार. गाडी अख्खी गेली तरी!

गंमत पुढेच आहे. गाडी शनिवारी पहाटे हरियाणात पोचली होती आणि रोज फोन केला की उत्तर तेच. "ट्रेलर रस्त्यात आहे, मॅडम. जयपूरला नो एन्ट्री लागली." सोमवारी जयपूर, मंगळवारी जयपूर. ठरल्याप्रमाणे सातव्या दिवशी, बुधवारी, गाडी ताईच्या सोसायटीत आली. ड्रायव्हरची सीट पार मागे सरकवलेली, टाकी कोरडी, दारात गुटख्याची पुडी. उरलेले निम्मे पैसे दिल्याशिवाय किल्ली मिळणार नव्हती. ताईला दहाची मीटिंग होती. तिनं दिले. मीही दिले असते.

संध्याकाळी तिनं मीटरचा फोटो पाठवला. 42,930. माझ्याकडे तुलनेला काही नव्हतं, पण बाबांकडे होतं. ते दर वेळी पेट्रोल भरलं की डायरीत किलोमीटर लिहितात. बुधवारी पंपावर 41,206, तिथून सरळ घरी. वजाबाकी करा, 1,724. चौदाशे आणि वर शंभर किलोमीटर रस्ता चुकला म्हणून सोडून दिले, तरी सव्वादोनशे उरतातच.

ते कुठे गेले? ट्रान्सपोर्टवाल्याला विचारलं. "मॅडम, मीटर फॉल्टी असेल." मग त्यानं फोन उचलणं बंद केलं. मी लेखी तक्रार पाठवली, बाबांच्या डायरीतल्या सगळ्या वेळांसकट. बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस दिली नाही, तर पुढे कोर्टातही जाता येत नाही, म्हणून ती आधी धाडली. उत्तर अजून आलेलं नाही.

ताईचं पुढचं काम वेगळंच. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी, कर्ज असेल तर बँकेचं पत्र, तिकडे पुन्हा रोड टॅक्स आणि इथल्या टॅक्सच्या रिफंडसाठी वेगळा अर्ज. ती आता बीएच नंबरचं बघतेय. 2021 साली ही सिरीज आली तेव्हा ती नव्या गाड्यांसाठी होती, पुढे जुन्यांनाही मुभा मिळाली. चार किंवा जास्त राज्यांत ऑफिसं असलेल्या खासगी कंपनीत नोकरी असेल तर चालतं, टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा. ताईच्या कंपनीची ऑफिसं सहा राज्यांत आहेत. म्हणजे पुढची बदलीही आलीच.

तीन आठवड्यांनी ताईचा मेसेज आला. ई-चलन. दिल्ली, रविवार, रात्री अकरा सत्तेचाळीस, ओव्हरस्पीड. सोबत कॅमेऱ्याचा फोटो. 'मोरया' स्पष्ट वाचता येत होतं. पुढच्या सीटवर दोघं जण, मागे बहुधा आणखी एक. ज्या रविवारी आमची गाडी जयपूरला ट्रेलरवर अडकायला निघाली होती, तोच हा रविवार.

मी संतापून फोटो बाबांना दाखवला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा केला, बराच वेळ ड्रायव्हरकडे बघत राहिले.

"बेल्ट लावलाय हं पोरानं," म्हणाले आणि डायरीत लिहिलं, दिल्ली, 23.47.