जवळचं पाहणारी दुर्बीण
पावसाळा सरता सरता सह्याद्रीत फुलपाखरांची गर्दी होते आणि कोणती दुर्बीण घ्यावी, ही विचारणाही वाढते. माझं उत्तर ठाम आहे: किती पट मोठं दिसतं हे नंतर बघा, किती जवळचं स्पष्ट दिसतं ते आधी. पक्षिनिरीक्षणाच्या अनेक दुर्बिणींतून २-३ मीटरच्या आतलं नीट दिसत नाही. फुलपाखरांसाठी ही मर्यादा २ मीटरच्या आतच हवी. दुकानात उभ्यानेच स्वतःच्या बुटाची लेस पाहा. ती रेखीव दिसली तर दुर्बीण कामाची. फार जवळ पाहताना दोन डोळ्यांची चित्रं जुळेनाशी होतात. पेंटॅक्सच्या पॅपिलिओत फोकसबरोबर पुढची भिंगं एकमेकांजवळ सरकतात, म्हणून अर्ध्या मीटरवरचा चतुरही एकसंध दिसतो. ६ ते ८ पट पुरे. त्यापुढे हाताचा कंपही डोळ्यांना जाणवतो. २ मीटरवरून ८ पटीने पाहिलं, की चिखलपान करणारं ब्लू मॉरमॉन, आपलं राज्य फुलपाखरू, २५ सेंटिमीटरवर असल्यासारखं दिसतं, आणि आपली सावलीही त्याच्यावर पडत नाही. मुलांना जाळी-टाचण्यांशिवाय कीटक ओळखायला शिकवायचं असेल, तर शाळांनी आधी अशी दुर्बीण घ्यावी.